शटडाउनच्या दिवशी चालणारा रेडियम कटर : बॅटरीवरची जुळणी आणि पॅनेलवरची लेबले

पुणे-पिंपरी पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते आणि विजेच्या पॅनेलची साफसफाई, बसबारच्या (वीज वाहणाऱ्या जाड धातुपट्ट्यांच्या) जोडण्या घट्ट करणे, ब्रेकर बदलणे ही कामे त्याच दिवशी शटडाउन घेऊन, म्हणजे वीज पूर्ण बंद करून, उरकली जातात. पॅनेलवर लेबले आणि धोक्याच्या सूचना लावायलाही तोच दिवस सोयीचा पडतो. अडचण अशी की, ज्या वेळी पॅनेलला हात लावण्याची परवानगी मिळते नेमक्या त्याच वेळी पॅनेल रूममधल्या एकाही सॉकेटला वीज नसते. त्यामुळे रेडियम, म्हणजे स्टिकरचे चिकट व्हिनाइल, कापणारे यंत्र कारखान्यात नेऊन लेबले तिथल्या तिथे कापायची असतील, तर विजेची सोय आपली आपणच बरोबर न्यावी लागते. अशी एक जुळणी मी काही काळापासून वापरतो आहे. तिचे गुणदोष पुढे मांडले आहेत.

जुळणीत तीन वस्तू आहेत. सिल्हूट कंपनीचा कॅमिओ ४ हा १२ इंच रुंदीचा, टेबलावर मावणारा व्हिनाइल कटर. २५६ वॅट-तास क्षमतेचे, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे पॉवर स्टेशन, म्हणजे इन्व्हर्टरसह उचलून नेता येणारी बॅटरीपेटी. आणि एक साधा लॅपटॉप. कॅमिओ ४ हे २०१९ चे मॉडेल आहे आणि २०२३ मध्ये त्याच्यानंतरचा कॅमिओ ५ बाजारात आला, परंतु लेबले कापण्यापुरते पाहिले तर जुन्या मॉडेलमध्ये काही उणे वाटत नाही. पॉवर स्टेशनचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याच मापाची बरीच यंत्रे मिळतात आणि मी जे सांगणार आहे ते त्या सर्वांना थोड्याफार फरकाने लागू पडते.

लेबले दुकानातून आधीच कापून का आणू नयेत, हा प्रश्न रास्त आहे. नाना पेठेतला रेडियमवाला हे काम आपल्यापेक्षा स्वस्तात आणि सुबक करून देतो आणि त्याचे दोन फुटी यंत्र आपल्या यंत्राला सहज मागे टाकते. पण लेबलावर काय लिहायचे हे पॅनेल उघडल्याशिवाय नक्की होत नाही. सिंगल लाइन डायग्रामवर, म्हणजे वीजजोडणीच्या नकाशावर, ‘स्पेअर’ म्हणून दाखवलेल्या फीडरवर (पॅनेलमधून बाहेर जाणाऱ्या लाइनवर) मध्यंतरी कोणीतरी कंप्रेसर जोडलेला असतो. दोन लाइटिंग डीबींच्या (दिव्यांच्या वितरण पेट्यांच्या) केबलींची अदलाबदल झालेली असते. एखाद्या इनकमरला (पॅनेलमध्ये वीज आणणाऱ्या स्विचला) मुख्य पुरवठ्याखेरीज जनरेटरचाही पुरवठा येत असतो आणि त्याची नोंद कागदावर कुठेही नसते. चुकीचे लेबल हे लेबल नसण्यापेक्षा वाईट, कारण लेबल नसेल तर वायरमन टेस्टर लावून खात्री करून घेतो, आणि लेबल असेल तर त्यावर विश्वास ठेवून मोकळा होतो. म्हणून केबलचा मागोवा घेऊन झाल्यावर, पॅनेलसमोर उभे राहूनच मजकूर ठरवावा आणि त्याच दिवशी तो चिकटवून बाहेर पडावे, असे माझे मत आहे. दुकानातून कापून आणायचे म्हटले तर हे काम पुढच्या शटडाउनपर्यंत लांबते आणि तोपर्यंत ज्याने मागोवा घेतला त्याच्या डोक्यातच ती माहिती राहते.

आता विजेकडे वळू. कटर म्हणजे मोठा वीजखाऊ प्रकार असावा, असा अनेकांचा समज असतो, तो खरा नाही. या आकाराच्या कटरमध्ये रोल पुढेमागे सरकवणारी आणि पाते डावीउजवीकडे नेणारी लहान मोटरच काय ती वीज घेते. हीटर नाही, पंप नाही. कॅमिओ ४ चा अ‍ॅडॉप्टर २४ व्होल्टचा आहे. या वर्गातल्या यंत्रांचे अ‍ॅडॉप्टर साधारण ३० ते ६० वॅटचे असतात आणि प्रत्यक्ष कापताना सरासरी खप त्याहूनही कमी भरतो. लॅपटॉपच बहुधा कटरपेक्षा अधिक वीज घेतो. हिशेब असा मांडता येईल : २५६ वॅट-तासांपैकी इन्व्हर्टरमधली घट वजा जाता सुमारे ८५ टक्के, म्हणजे २१७ वॅट-तास हाती लागतात. कटरला ३० आणि लॅपटॉपला ४५ वॅट धरले तर तीन तासांना थोडे कमी इतका वेळ मिळतो. लॅपटॉप घरून पूर्ण चार्ज करून नेला आणि पॉवर स्टेशनवर एकटा कटर चालवला तर हाच वेळ सात तासांच्या आसपास जातो. यंत्र सतत कापत नसल्यामुळे शटडाउनचा संपूर्ण दिवस निघतो आणि तरीही बॅटरीत काही शिल्लक उरते. याहून मोठे पॉवर स्टेशन या कामासाठी घेण्याचे कारण मला दिसत नाही. ते जड होते आणि जिना चढून दुसऱ्या मजल्यावरच्या पॅनेल रूमपर्यंत शेवटी आपल्यालाच न्यावे लागते.

पॉवर स्टेशनऐवजी गाडीच्या लायटर सॉकेटला लावायचा इन्व्हर्टर चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. चालतो, पण त्यात काही तिढे आहेत. स्वस्तातले इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. अ‍ॅडॉप्टरमध्ये एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा) असल्यामुळे त्याला ती पचते आणि यंत्रापर्यंत २४ व्होल्ट डीसीच पोहोचतो; मात्र अ‍ॅडॉप्टर गुणगुणतो आणि नेहमीपेक्षा जास्त तापतो. खरी डोकेदुखी गाडी सुरू करताना होते. स्टार्टर फिरला की बॅटरीचा दाब क्षणभर खाली येतो, इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो आणि कटर मधेच थांबतो. कटर बंद पडला की तो आपला आरंभबिंदू विसरतो, त्यामुळे अर्धवट कापलेले पान पुन्हा नेमक्या जागी लावून पुढे कापणे जवळजवळ अशक्य असते आणि ते पान टाकूनच द्यावे लागते. शिवाय गाडी पार्किंगमध्ये आणि पॅनेल रूम आवाराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर प्रत्येक लेबलासाठी हेलपाटा पडतो तो वेगळाच.

इन्व्हर्टर टाळून थेट डीसीवर यंत्र चालवावे, ही कल्पना आपल्यासारख्या विजेच्या धंद्यातल्या माणसाला हटकून सुचते. कागदावर ती आकर्षक आहे, कारण १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करून त्याचे परत २४ व्होल्ट करण्यात वीज वाया जाते. पण १२ व्होल्टच्या दोन एसएमएफ (सीलबंद, पाणी घालावे न लागणाऱ्या) बॅटऱ्या नुसत्या सिरीजमध्ये जोडून यंत्राला देणे बरे नव्हे. पूर्ण चार्ज झाल्यावर चार्जरसह हा दाब २७ व्होल्टच्या वर जातो आणि बॅटरी उतरत आली की २२ च्या खाली येतो. आठ सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तर चार्जिंगच्या शेवटी २९.२ व्होल्टपर्यंत पोहोचते. मध्ये स्थिर २४ व्होल्ट देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर हवाच, आणि प्लगच्या आतल्या व बाहेरच्या टोकाची धन-ऋण बाजू अ‍ॅडॉप्टरवरच्या चिन्हाशी ताडून पाहायला हवी. यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरीच्या पॉवर बँकेवर काम भागेल असेही काहींना वाटते; परंतु त्या पद्धतीतले नेहमीचे टप्पे ५, ९, १५ आणि २० व्होल्टचे आहेत, त्यांत २४ नाही. २० व्होल्टवर यंत्र कदाचित सुरू होईलही, पण जाड व्हिनाइलवर मोटर कमी पडली तर त्याचा दोष यंत्राला देता येणार नाही. ज्याला हे सगळे स्वतः जुळवता येते त्याने खुशाल करावे. वॉरंटीची चिंता असलेल्याने मात्र मूळ अ‍ॅडॉप्टर आणि शुद्ध साइन वेव्हचे पॉवर स्टेशन, एवढ्यावरच थांबावे.

पॉवर स्टेशन घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे त्याचे आउटपुट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे ना. अमेरिकेतल्या बाजारासाठी बनवलेली यंत्रे ११०-१२० व्होल्ट देतात. कटरचा अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालत असल्यामुळे त्याला फरक पडत नाही, पण आपल्या इतर अवजारांना पडतो. (अमेरिकेहून येणाऱ्या पुतण्याला ते बॅगेतून आणायला सांगण्याचा विचार असेल तर तो सोडलेला बरा, १६० वॅट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेता येत नाही.) दुसरी गोष्ट माहितीपत्रकात शोधूनही लवकर सापडत नाही. वीज वाचवण्यासाठी बऱ्याच पॉवर स्टेशनांत अशी सोय असते की, एसी आउटपुटवरचा भार काही वेळ अगदी कमी राहिला तर ते आपोआप बंद होते. आपण पहिले लेबल कापून घेतो, ते सोलून चिकटवायला पॅनेल रूममध्ये जातो, तेवढ्या वेळात कटर नुसता जागा राहण्यापुरती वीज घेत असतो आणि पॉवर स्टेशनला वाटते की कोणीच काही वापरत नाही. परत येऊन पाहावे तर सगळे बंद आणि आरंभबिंदू गेलेला. ही सोय ज्याच्यात बंद करून ठेवता येते तेच यंत्र या कामाचे.

मे महिन्यात हे पॉवर स्टेशन उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नये. लिथियम बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते, आणि व्हिनाइलचा रोलही तापून त्याच्या कडेने गोंद सुटू लागतो. विदर्भात काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

याच ठिकाणी सुरक्षेची एक बाब थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती या सोयीतूनच निर्माण होते. शटडाउन म्हणजे आवारात कुठेही वीज नाही, असे गृहीत धरून माणसे काम करत असतात. मुख्य आयसोलेटर, म्हणजे मुख्य स्विच, उघडून पुरवठा तोडलेला आहे, त्याला कुलूप आहे, टॅग लटकवलेला आहे, सगळे यथासांग आहे. आणि अशा वेळी आपण एका पिशवीतून २३० व्होल्ट त्या खोलीत घेऊन येतो. कोणी मदत म्हणून त्यावर एक्स्टेंशन बोर्ड लावतो, कोणी त्यावर दिवा लावतो, आणि सुटे टोक कुठेतरी पॅनेलच्या आत जाते. म्हणून पॉवर स्टेशनवर मी पिवळ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत ‘२३० व्होल्ट – मुख्य पुरवठा बंद असतानाही चालू’ असे लेबल लावले आहे, आणि कटर, लॅपटॉप व पॉवर स्टेशन ही तिन्ही पॅनेल रूमच्या दाराबाहेर टेबलावर राहतात, आत येत नाहीत. पॉवर स्टेशनच्या आउटपुटचा जमिनीशी संबंध नसतो, त्यामुळे त्यावर अर्थ लीकेजचे (जमिनीकडे गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारे) संरक्षण घरातल्यासारखे काम करील असे समजू नये. कटरच्या अ‍ॅडॉप्टरवर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असेल, तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि अर्थिंगची गरज नाही, असा त्याचा अर्थ. धातूचे आवरण असलेली, तीन पिनांची अवजारे मात्र या पॉवर स्टेशनवर चालवण्याचा मोह टाळावा.

आणखी एक सांगून ठेवतो. ‘काम चालू आहे, स्विच चालू करू नये’ असा मजकूर कटरवर झकास कापता येतो, पण तो स्टिकर म्हणजे लॉकआउटचा टॅग नव्हे. टॅग हा कुलपाबरोबर लागतो, त्यावर कुलूप लावणाऱ्याचे नाव असते आणि काम संपले की तोच माणूस तो काढतो. चिकटवलेला स्टिकर काम संपल्यावरही तिथेच राहतो आणि महिन्याभरात त्याकडे कोणी पाहीनासे होते.

कटरच्या कामगिरीविषयी माझे मत चांगले आहे. अखंड रोल धरण्याची सोय यंत्रातच आहे, त्यामुळे चटईसारखी कटिंग मॅट बरोबर नेण्याची गरज पडत नाही. ब्लूटूथ आहे, तरी कारखान्यात मी यूएसबी केबलच लावतो. आवाज बराच होतो. घरात रात्री कापत बसलात तर घरातले बोलतील, शटडाउनच्या दिवशी कारखान्यात त्याची फिकीर नसते. टेबल मात्र पक्के हवे आणि पंख्याच्या झोतात नसावे, कारण सोललेले व्हिनाइल धूळ ओढून घेते आणि चाकणसारख्या ठिकाणी धुळीला तोटा नाही. सिल्हूटचे सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालते, ही या कामात मोठीच जमेची बाजू आहे. क्रिकट कंपनीच्या यंत्रांचे सॉफ्टवेअर खात्यात लॉगिन आणि इंटरनेट यांवर पुष्कळसे अवलंबून असते आणि तळघरातल्या पॅनेल रूममध्ये फोनलाही रेंज मिळत नाही. सिल्हूटच्या फुकट आवृत्तीत एसव्हीजी या प्रकारची रेषाचित्राची फाइल उघडत नाही, त्यासाठी पैसे भरून वरची आवृत्ती घ्यावी लागते. डीएक्सएफ फाइल मात्र फुकट आवृत्तीतही उघडते आणि आपले काम तेवढ्यावर निभावते.

मराठी अक्षरे कापणे हा इंग्रजी अक्षरे कापण्यापेक्षा वेगळा खटाटोप आहे आणि या यंत्रांच्या इंग्रजी समीक्षांत त्याचा उल्लेख असण्याचे कारण नाही. ‘धोका’ हा शब्द घ्या. पडद्यावर त्याची शिरोरेखा अखंड दिसते, पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेखा स्वतंत्र असते आणि शेजारच्या अक्षराच्या रेषेवर किंचित चढलेली असते. कटरला शाईचा भाग दिसत नाही, त्याला फक्त कडा दिसतात. त्यामुळे तो प्रत्येक सांध्यावर उभे काप घेतो आणि सोलताना शिरोरेखेचे तुकडे होऊन अक्षरे एकेक करून हाती येतात. यावर उपाय असा की, इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करून तो आधी पाथमध्ये, म्हणजे रेषांच्या आकृतीत, बदलावा, मग युनियन ही आज्ञा देऊन सगळ्या अक्षरांची एकच बाह्यरेषा करावी आणि ती डीएक्सएफ म्हणून जतन करावी. कोरलड्रॉ वापरणारे यालाच वेल्ड म्हणतात. असे केले की जोडाक्षरे तुटण्याची, वेलांटी भलत्या जागी जाण्याची आणि जुने श्रीलिपी फाँट दुसऱ्या संगणकावर अगम्य दिसण्याची, अशा तिन्ही कटकटी मिटतात, कारण कटरच्या सॉफ्टवेअरपर्यंत अक्षर पोहोचतच नाही, आकृती पोहोचते.

तरीही अनुस्वार छळतो. ‘बंद’ या शब्दातला अनुस्वार शिरोरेखेला जोडलेला नसतो, तो एक सुटा ठिपका असतो, आणि भोवतीचे व्हिनाइल सोलताना तो त्याच्याबरोबर निघून जातो. लहान लेबलावर ही शक्यता फार. ठिपक्याचा व्यास ३ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये आणि सोलताना पान तिरक्या दिशेने, टेबलालगत मागे ओढावे, वर उचलू नये. अनुस्वारापाशी आले की चिमट्याचे टोक त्यावर टेकवून ठेवावे. फाँट ठसठशीत निवडावा. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे दोन्ही फाँट फुकट मिळतात आणि त्यांचे जाड वाण कापायला सोपे जातात. वळणदार, बारीक-जाड होत जाणारे फाँट लग्नपत्रिकेवर शोभतात, पॅनेलवर नाही.

पात्याची खोली जमली की निम्मे काम झाले. नेहमीचे व्हिनाइल, उदाहरणार्थ ओराकल ६५१, जाडीला ६३ मायक्रॉन असते. पात्याने तेवढेच कापायचे आणि खालचा कागद शाबूत ठेवायचा असतो. दर नव्या रोलला कोपऱ्यात एक लहान चौकोन कापून पाहावा. तो सहज सुटला आणि कागदाच्या मागच्या बाजूला ओरखडा उमटला नाही, तर मापे बरोबर आहेत. अंधारात चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह व्हिनाइलला मात्र जोर अधिक लागतो आणि पाते लवकर बोथट होते.

यंत्राचे कौतुक झाले, आता त्याची मर्यादा. धोक्याचा फलक ही कायद्याने ठरवून दिलेली वस्तू आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ३५ वा नियम आणि नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०१० ची सुरक्षा नियमावली या दोन्हींत, २५० व्होल्टपेक्षा अधिक दाबाच्या मोटर, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर आणि त्यांच्या नियंत्रणाच्या उपकरणांवर हिंदी किंवा इंग्रजी आणि त्या जिल्ह्याची स्थानिक भाषा यांत, कवटी व हाडांच्या चिन्हासह, कायमचा फलक लावण्याची अट आहे. २०१० च्या नियमावलीची जागा आता २०२३ च्या नियमावलीने घेतली आहे. म्हणजे आपल्याकडे मराठी मजकूर ही हौस नसून नियम आहे, आणि थ्री फेज पॅनेल या मर्यादेच्या वर असल्यामुळे जवळपास प्रत्येक कारखान्याला तो लागू पडतो. फलकाचा नमुना आयएस २५५१ या मानकात दिलेला आहे : १.६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यावर पांढरे एनॅमल आणि त्यावर लाल अक्षरे व कवटी. कमी व मध्यम दाबासाठी २०० बाय १५० आणि उच्च दाबासाठी २५० बाय २०० मिलिमीटर.

ही दोन्ही मापे १२ इंची कटरमध्ये आरामात बसतात आणि म्हणूनच घोटाळा होतो. लाल व्हिनाइलची कवटी कापून दारावर चिकटवली की फलकाचे काम झाले, असे समजणारे अनेक भेटतात. ते झालेले नसते. मानक पत्र्याविषयी आणि एनॅमलविषयी बोलते, आणि विद्युत निरीक्षक पाहणीला आले तर ते तेच विचारणार. असे फलक पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लोहार चाळीत तयार मिळतात, त्यांची किंमतही फार नसते. ते विकत घ्यावेत आणि स्क्रूने पक्के बसवावेत. शिवाय कवटीचे दात व्हिनाइलमधून सोलत बसण्याइतके कंटाळवाणे काम दुसरे नाही.

कटरचा खरा उपयोग फलकाच्या आजूबाजूच्या जागेत आहे. कोणता फीडर कुठे जातो, वीज कुठून येते आणि बंद कुठून करायची, एखाद्या कप्प्यात मुख्य स्विच बंद केल्यावरही कंट्रोल सप्लाय (नियंत्रणाच्या तारांचा पुरवठा) जिवंत राहतो का, ही माहिती छापील फलकावर कधीच नसते, कारण ती त्या एका पॅनेलपुरती असते. छपरावरच्या सौर यंत्रणा २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेनंतर झपाट्याने वाढल्या आहेत, आणि तिथे अशा लेबलांची गरज सर्वांत अधिक आहे. सौर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी बाजू एसी ब्रेकर पाडला तरी जोवर ऊन आहे तोवर जिवंत असते, आणि वितरण पेटीत वीज दोन दिशांनी येते. ‘दोन्ही बाजूंनी पुरवठा – आधी सौर आयसोलेटर बंद करा’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत पेटीच्या दारावर असेल, तर मीटर तपासायला आलेल्या माणसाला कोणाला विचारत बसावे लागत नाही. विजेच्या धोक्याचे आंतरराष्ट्रीय चिन्ह, म्हणजे पिवळ्या त्रिकोणातली काळी वीज, आयएसओ ७०१० मध्ये डब्ल्यू०१२ या क्रमांकाने दिलेले आहे. तेही कटरवर नीट निघते. पिवळ्याचा आख्खा त्रिकोण खाली लावून त्यावर काळी किनार आणि वीज बसवावी. दोन थर एकावर एक आले की कडा उचलल्या जाण्याची शक्यता वाढते, म्हणून वरचा थर खालच्या थराच्या कडेपासून थोडा आत ठेवणे चांगले.

छापील स्टिकरशी तुलना केली तर कापलेल्या व्हिनाइलचा एक फायदा नक्की आहे : रंग पृष्ठावर छापलेला नसून संपूर्ण जाडीत असतो, त्यामुळे फडक्याने पुसून पुसून अक्षरे उडत नाहीत. उन्हात लाल रंग आधी फिकटतो, काळा आणि पांढरा टिकतात. म्हणून बाहेरच्या पेट्यांवर मी मजकूर काळ्यातच कापतो.

चिकटवण्याविषयी थोडे. आपल्याकडची बरीच पॅनेले आरएएल ७०३२ या करड्या छटेची, पावडर कोटिंगची असतात. गुळगुळीत कोटिंगवर व्हिनाइल छान बसते, खरखरीत पोताच्या कोटिंगवर त्याचा गोंद केवळ उंचवट्यांना धरतो आणि पावसाळ्यानंतर कोपरे उचलले जातात. कोकणात हे फार लवकर होते. अशा दारावर सुट्या अक्षरांऐवजी एका पातळ अ‍ॅक्रिलिक पट्टीवर मजकूर चिकटवून ती पट्टी बसवावी. तिच्यासाठी पॅनेलच्या पत्र्याला भोक पाडायचे असेल तर पॅनेल बंद असताना आणि आतल्या बाजूला काय आहे हे पाहूनच. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा. दुकानाच्या काचांवर स्टिकर लावताना साबणाचे पाणी फवारतात, ती रीत इथे आणू नये. पॅनेलवर सगळे कोरडेच लावायचे. गोंदाला पूर्ण पकड यायला एक दिवस लागतो, तोवर ओढून पाहू नये. हवा खेळण्याच्या जाळ्या, उत्पादकाची नेमप्लेट आणि कुलपाची कडी झाकली जाणार नाही याकडे लक्ष असावे. हीट गनची गरज भासली तर लक्षात ठेवावे की ती १,५०० ते २,००० वॅट मागते आणि २५६ वॅट-तासांच्या वर्गातल्या पॉवर स्टेशनला ते झेपत नाही.

एमसीबीच्या (छोट्या ब्रेकरच्या) खालची इवलीशी नावे, टर्मिनलचे क्रमांक आणि वायरींवरचे फेरूल (क्रमांकाच्या नळ्या) यांसाठी कटर बाहेर काढू नये. १० मिलिमीटर उंचीची मराठी अक्षरे सोलत बसण्यात दिवस जातो. त्या कामाला ब्रदर पी-टचसारखा हातात धरायचा लेबल प्रिंटर उत्तम. तो सेलवर चालतो, त्याची लॅमिनेट केलेली टेप तेलकट हातांना दाद देत नाही आणि त्यासाठी पॉवर स्टेशनही लागत नाही. वर्षाकाठी एखाददुसरे पॅनेल करणाऱ्या कंत्राटदाराने तेवढाच घ्यावा आणि मोठी अक्षरे रेडियमवाल्याकडूनच कापून आणावीत. ज्याच्याकडे वार्षिक देखभालीचे करार आहेत, सौर यंत्रणा उभारण्याचे काम आहे किंवा जुन्या कारखान्यांचे सेफ्टी ऑडिट आहे, त्याला ही जुळणी परवडते. त्याने आधी कटर घेऊन घरच्या सॉकेटवर मराठी अक्षरे कापण्याचा हात बसवावा, आणि शुद्ध साइन वेव्हचे पॉवर स्टेशन त्यानंतर घ्यावे.